दगड एक की दोन? मोजणीतला कोन आणि बांधाचे भांडण

पाऊस सरला, भात कापून घरात आले, की आपल्या जिल्ह्यात दोन कामांना जोर येतो. एक लग्नाचे मुहूर्त आणि दुसरे मोजणीच्या तारखा. चिपीचा विमानतळ २०२१ साली सुरू झाला, मोपाचा २०२३ च्या जानेवारीत. महामार्ग रुंद झाला. ज्या वरकस जमिनीकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते तिला भाव आला. मग मुंबईचा चाकरमानी सामायिक सातबारा घेऊन गावी उतरतो, भाऊबंद गोळा होतात आणि भूमी अभिलेखच्या दारात हद्द कायम मोजणीचे, पोटहिस्सा मोजणीचे अर्ज पडतात. यात नवल काही नाही. नवल आहे ते मोजणीनंतर. पूर्वी साखळीने मोजले तेव्हा गडगा जिथे होता, तो आता यंत्राने मोजल्यावर दोन-तीन हात सरकलेला निघतो. एक म्हणतो यंत्र खोटे, दुसरा म्हणतो जुना नकाशा खोटा. तिसरा हळूच म्हणतो, मोजणीदार फितला!

वाचकहो, या तिन्ही गोष्टी क्वचित खऱ्या असतीलही. पण बऱ्याच भांडणांचे मूळ दुसरीकडे असते. जुना कागद लांबीची भाषा बोलतो, नवा कागद कोनाची आणि अक्षांश-रेखांशाची. आणि हा कोन नेमका कुठल्या दिशेपासून मोजला, हे विचारायचे आपल्याकडे कोणाच्या ध्यानात येत नाही. आजचा हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी आहे.

साखळी गेली, यंत्र आले

मुंबई इलाख्यातली जमीन पाहणी गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून मार्गी लावली. तिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालाने पक्के झाले. त्या मोजणीचे हत्यार म्हणजे शंकू आणि साखळी. साखळी ३३ फुटांची. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, हा हिशेब आपल्या तोंडी बसला तो त्यामुळेच. शेताच्या मधून एक सरळ रेघ धरायची, तिच्यावर शंकू ठेवून काटकोनात बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत अंतर घ्यायचे आणि ते टिपणात लिहायचे. मग शेताचे त्रिकोण पाडून गुणाकार बुकात क्षेत्र काढायचे.

आता यात कोन कुठे आला? फक्त काटकोन. शंकूला नव्वद अंशांखेरीज दुसरा कोन ठाऊकच नाही. पुढे फलकयंत्र आले, म्हणजे तीन पायांवरचा लाकडी फळा. त्यात कोन कागदावर थेट रेघेने ओढला जाई, पण आकड्यात लिहिला जात नसे. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळच्या बहुतेक कागदांत शेताच्या कोपऱ्यांचे कोन अंशात लिहिलेले नाहीत. ते चित्रात आहेत, आकड्यात नाहीत.

आजची गोष्ट वेगळी. ईटीएस यंत्र म्हणजे इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन. ते तिपाईवर उभे राहते, दुर्बिणीतून समोरच्या काठीवरचा आरसा पाहते आणि अंतर व कोन दोन्ही अंश-मिनिटे-सेकंदांत देते. रोव्हर त्याच्याही पुढचा. तो कोन मोजतच नाही. उपग्रहांच्या लहरी आणि जमिनीवरच्या कायम केंद्रांची दुरुस्ती घेऊन तो जागेचे ठिकाणच आकड्यात सांगतो, चांगले आभाळ मोकळे असेल तर काही सेंटिमीटरच्या आत. दोन ठिकाणांच्या आकड्यांवरून कोन नंतर संगणक काढतो. दाट काजूच्या नाहीतर आंब्याच्या बागेत त्याला आभाळ दिसत नाही, तिथे पुन्हा ईटीएस लागते.

गावठाणाची कथाही तीच. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने स्वामित्व योजना देशभरासाठी जाहीर केली. थोडक्यात सांगायचे तर लांबीचे राज्य संपले, कोनाचे आणि ठिकाणाचे राज्य आले. जुन्या राज्याचे कागद मात्र अजून आपल्या ट्रंकेत आहेत, आणि भांडण लागले की तेच बाहेर निघतात.

आडवा कोन म्हणजे काय?

शास्त्रात याला क्षैतिज कोन म्हणतात. इंग्रजीत हॉरिझाँटल अँगल, आणि आपल्या शेजारच्या गोव्यातल्या जुन्या कागदांच्या भाषेत, म्हणजे पोर्तुगीजमध्ये, आंगुलो ओरिझोंताल. आपण त्याला साधा आडवा कोन म्हणू. तुम्ही बांधाच्या कोपऱ्यावर उभे आहात. डावीकडे एक दगड आहे तो डोंगरावर चढून, उजवीकडचा खाली व्हाळाजवळ. एका दगडाकडून दुसऱ्याकडे तोंड वळवताना तुम्ही जेवढे वळलात तेवढा आडवा कोन. दगड वर आहे की खाली, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. दोन्ही दगड सपाट पाण्यावर आणून ठेवले असते तर जो कोन झाला असता, तोच हा.

कोकणच्या माणसाने हे नीट समजून घ्यावे, कारण क्षेत्राचाही नियम हाच आहे. कागदावरचे क्षेत्र सपाटीवरचे असते, उतारावरचे नव्हे. तीस अंशांच्या चढावर टेप जमिनीला लावून तुम्ही शंभर मीटर मोजलेत तर नकाशावर ते साडेशहाऐंशी मीटरच्या आसपासच भरतात. डोंगराला ज्याची नकाशावर दहा गुंठे जागा आहे त्याच्या पायाखाली खरी साडेअकरा गुंठे माती असते. तेव्हा घरच्या टेपने मोजून “सरकारने माझी दीड गुंठा खाल्ली” असे म्हणण्याआधी उतार किती, ते पाहावे.

हा आडवा कोन किती कामाचा आहे याचा एकच दाखला देतो. १८०२ साली विल्यम लँबटन याने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात जमिनीवर एक रेघ अतिशय काळजीने मोजली. त्या एका मोजलेल्या बाजूवर त्याने त्रिकोणामागून त्रिकोण रचत हिंदुस्थान मोजायला घेतले. अंतरे मोजणे फार थोडे, बाकी सगळे कोन. त्याचे कोन मोजायचे मोठे यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचे होते. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळाच्या शिखरावर चढवताना ते आदळले आणि त्याची तबकडी वाकली. ती त्याने स्वतः दुरुस्त केली आणि पुन्हा कामाला लागला. हा लँबटन १८२३ मध्ये काम करता करताच वारला, आणि तोही आपल्या महाराष्ट्रात, वर्ध्याकडच्या हिंगणघाटला. कोनात चूक झाली तर शेकडो मैलांवर ती किती वाढेल, हे त्याला पुरते ठाऊक होते. आपल्याला शेकडो मैल नकोत, दोनशे मीटरचा बांध पुरे आहे.

उत्तर एक नाही, तीन आहेत

एका दगडाकडून दुसऱ्याकडे किती वळलो, हा झाला दोन दगडांमधला कोन. पण नकाशात दुसरा एक कोन लागतो, आपली रेघ उत्तरेपासून किती वळलेली आहे तो. इंग्रजीत त्याला बेअरिंग किंवा अ‍ॅझिमथ म्हणतात, मराठीत दिगंश. खरी मेख इथेच आहे, कारण उत्तर म्हणजे कुठली उत्तर?

पहिली खरी उत्तर, ध्रुवाकडची. दुसरी होकायंत्राची उत्तर. सुई ध्रुवाकडे नेमकी पाहत नाही, थोडी डावी-उजवी राहते. आपल्या भागात आज हा फरक साधारण एका अंशाच्या आतच आहे, पण तो कायम एकच राहत नाही, वर्षागणिक सरकतो. लंडनमध्ये १५८० च्या सुमारास सुई खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला सुमारे अकरा अंश होती, १८२० च्या सुमारास तीच पश्चिमेला सुमारे चोवीस अंश गेली. आपल्याकडे या सरकण्याची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून ठेवली जाऊ लागली. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या येऊ लागल्या. त्यांच्यामुळे सुई बिघडेल म्हणून ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवले. विजेची तार, तारेचे कुंपण, मोटारसायकल, लोखंडी पहार या साऱ्यांनी होकायंत्र फसते. आपला काळा दगडही काही ठिकाणी सुई ओढतो.

तिसरी उत्तर नकाशाच्या चौकटीची. पृथ्वी गोल आणि कागद सपाट, त्यामुळे नकाशावरच्या उभ्या रेघा एकाच जागी तेवढ्या खऱ्या उत्तरेशी जुळतात. उपग्रहाच्या नकाशांना सर्रास वापरतात त्या यूटीएम पद्धतीत आपला बराचसा महाराष्ट्र ७५ रेखांशाच्या पट्ट्यात येतो आणि ७८ रेखांशाच्या पलीकडचा विदर्भ ८१ च्या पट्ट्यात. सिंधुदुर्गात चौकटीची उत्तर आणि खरी उत्तर यांत साधारण अंशाचा एक तृतीयांश फरक पडतो. ७८ रेखांश यवतमाळ शहराच्या पश्चिमेने जातो. तिथे एकाच शिवारातला अलीकडचा नकाशा एका पट्ट्यात आणि पलीकडचा दुसऱ्या पट्ट्यात काढला, तर दोन्ही चौकटींच्या उत्तरेत दोन अंशांचे अंतर पडते. चूक कोणाचीच नाही, पण दोन नकाशे तसेच शेजारी ठेवले तर बांध जुळणार नाहीत.

एका अंशाचे साडेतीन गुंठे

आता म्हणाल, एक अंश तो काय, दिसतही नाही! हिशेब करा. एका अंशाने शंभर मीटरवर पावणेदोन मीटर फरक पडतो, दोनशे मीटरवर साडेतीन मीटर. दोनशे मीटर लांबीचा बांध एका टोकाला धरून एक अंश फिरवला, तर मधल्या पाचरीचे क्षेत्र भरते जवळपास साडेतीन गुंठे. आजच्या रस्त्याकडेच्या भावाने साडेतीन गुंठे म्हणजे काय, हे सांगायला नको. आणि अंशाचा एक तृतीयांश म्हणजेसुद्धा दोनशे मीटरवर मीटरभराहून जास्त. एवढ्यात गडगा सहज उभा राहतो.

यातली गंमत, खरे तर दुखणे, असे की एकूण क्षेत्र मात्र बदलत नाही. जुना नकाशा घेतला, त्यावरचा एक दगड जागेवर सापडला, तो नव्या नकाशावर टेकवला आणि उत्तरेचा बाण उत्तरेच्या बाणावर ठेवला, तर सगळे शेत त्या एका दगडाभोवती फिरते. जुना बाण होकायंत्राचा, नवा चौकटीचा. शेताचा आकार तोच, क्षेत्र तेच, सातबारा बरोबर. पण एका बाजूला तुम्ही शेजाऱ्याच्या कुणग्यात गेलात आणि दुसऱ्या बाजूला दुसरा शेजारी तुमच्या बागेत आला. मग तिघेही आपापला कागद फडकावत कोर्टात. तिघांचाही कागद खरा!

यावर उपाय सोपा आहे, आणि या लेखात लक्षात ठेवायची गोष्ट ती हीच. एक दगड पुरत नाही, दोन लागतात. एकमेकांपासून लांब असलेल्या आणि कोणाचाच वाद नसलेल्या दोन जुन्या खुणा नकाशावरही सापडल्या आणि जागेवरही सापडल्या, की त्या दोन्ही जुळवायच्या. मग उत्तर कुठलीही असो, शेत फिरू शकत नाही. बाण चुकला तरी बिघडत नाही, कारण आता दिशा बाण देत नाही, दोन दगडांमधली रेघ देते. ईटीएस यंत्र लावणारा भूकरमापकसुद्धा आधी मागच्या माहीत असलेल्या खुणेकडे दुर्बीण रोखतो आणि तिथून पुढचा कोन मोजतो. मागची खूण खोटी, तर पुढचे सगळेच खोटे.

तांडेलाला हे आधीपासून ठाऊक आहे

समुद्रावर जाणाऱ्या आपल्या मच्छीमारांना यात नवे काही वाटणार नाही. पाण्याखालचा खडक शोधायचा तर जुना तांडेल किनाऱ्यावरच्या दोन जोड्या धरतो. देवळाचा कळस डोंगराच्या शेंड्याखाली आला ही एक जोडी, ताडाचे झाड अमक्या सुळक्याशी जुळले ही दुसरी. एकाच जोडीने फक्त रेघ मिळते, जागा मिळत नाही. गलबतांवर हेच काम सेक्स्टंट आडवा धरून करीत. किनाऱ्यावरच्या तीन खुणा घेऊन त्यांच्यामधले दोन आडवे कोन मोजले, की नकाशावर आपण कुठे आहोत ते बहुधा निघते. आता ट्रॉलरवर जीपीएस आहे. तरी यंत्र बंद पडले की पुन्हा खुणाच कामी येतात.

होकायंत्र खडकापाशी फसते ही गोष्टही आपल्याच किनाऱ्यावर नोंदली गेली. दों जुआंव द कास्त्रो हा पोर्तुगीज १५३८ मध्ये लिस्बनहून गोव्याला आला. वाटेत तो सूर्याच्या सावलीवरून खरी उत्तर काढी आणि सुई तिच्यापासून किती ढळली, ते रोज टिपून ठेवी. जहाजावरची लोखंडी तोफ जवळ असली की सुई बिघडते, हे त्याने पाहिले. वसईजवळच्या समुद्रात सुई भलतीच वागली तेव्हा त्याने तो दोष तिथल्या खडकांना दिला. पुढे १५४५ मध्ये तो गोव्याचा गव्हर्नर झाला आणि १५४८ मध्ये तिथेच वारला. त्याचे राज्यकारभाराचे हिशेब वेगळे, पण साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी तो दर्यावर्दी जे तपासत होता, ते आपण आज बांधावर तपासत नाही.

सावलीवरून उत्तर काढायला जहाज लागत नाही. अंगणात सपाट जागी एक सरळ काठी उभी रोवा. तिच्याभोवती दोरीने एक वर्तुळ ओढा. सकाळी काठीच्या सावलीचे टोक वर्तुळाला जिथे शिवेल तिथे खूण करा, दुपारनंतर पुन्हा शिवेल तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की ती पूर्व-पश्चिम रेघ, तिला काटकोनात खरी उत्तर-दक्षिण. ही रीत आपल्या शुल्बसूत्रांत आहे, आणि त्या काठीचे नाव शंकू. मोजणीदाराच्या शंकूचे नाव ऐकून उगाच बिचकायचे कारण नाही. शाळामास्तरांनी पोरांना हे एकदा करून दाखवावे.

सीमेपलीकडची भाषा

सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याकडच्या कित्येक घरांची जमीन आणि सोयरीक तेरेखोलच्या आणि डोंगराच्या पलीकडे आहे. वारसाहक्काने नाहीतर खरेदीने गोव्यातला जुना कागद हाती येतो, आणि तो असतो पोर्तुगीजमध्ये. नव्या काबिजादीतल्या गावांत मोडी कागदही भेटतो, पण मोडी वाचणारा अजून सापडतो. पोर्तुगीज कागद मात्र लोक अंदाजाने वाचतात. तेव्हा काही शब्द ओळखीचे करून घ्या.

जुन्या दस्तात बहुधा कोन नसतात, चतुःसीमा असते. नोर्ते म्हणजे उत्तर, सुल म्हणजे दक्षिण. पूर्वेला नाशेंते, म्हणजे उगवत. पश्चिमेला पोएंते, म्हणजे मावळत. आपली म्हातारी माणसे “उगवतीला अमक्याचा मळा” म्हणतात, तोच हा प्रकार. असल्या चतुःसीमेत दिशा फार ढोबळ असते. आठ दिशा धरल्या तरी एकेकीच्या वाट्याला पंचेचाळीस अंश येतात. त्यामुळे नाशेंतेला लिहिलेला शेजारी प्रत्यक्षात आग्नेयेला निघाला, म्हणून कागद खोटा ठरत नाही.

मोजणीच्या नकाशावर मात्र कोन भेटतो, आणि तिथे दोन शब्द येतात. अझिमुते आणि रुमो. अझिमुते म्हणजे इंग्रजीतला अ‍ॅझिमथ. दोन्ही शब्द मूळ अरबीतले, दिशा या अर्थाचे. हा कोन उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे शून्य ते ३६० अंश मोजतात. आपल्याकडे डिप्लोमाच्या पोरांना होल सर्कल बेअरिंग शिकवतात, तो हाच. जमीन मोजणारा मात्र रुमो म्हणतो तेव्हा तो उत्तरेपासून किंवा दक्षिणेपासून, जी जवळ असेल तिथून, फक्त नव्वद अंशांपर्यंत मोजलेला असतो आणि पुढे पूर्व की पश्चिम ते लिहिलेले असते. उदाहरण घ्या. अझिमुते १५० अंश म्हणजे दक्षिणेकडून ३० अंश पूर्वेला. अझिमुते २१० अंश म्हणजे दक्षिणेकडून ३० अंश पश्चिमेला. आकडा दोन्हीकडे तीसच, बाजू मात्र उलट.

आणि इथेच पाय घसरतो. इंग्रजी नकाशात पश्चिमेला डब्ल्यू हे अक्षर असते. पोर्तुगीजमध्ये पश्चिम म्हणजे ओएस्ते, म्हणून अक्षर ओ. घाईत वाचणारा त्याला शून्य समजतो. ‘एन’ आणि ‘ओ’ एकत्र आले म्हणजे नोरोएस्ते, वायव्य. इंग्रजी वाचणारा त्याला ‘नंबर’ समजून पुढचा आकडा सर्व्हे नंबर म्हणून लिहून मोकळा होतो! शिवाय रुमो हाच शब्द दर्यावर्दी वापरतो तेव्हा त्याचा अर्थ जहाजाचा मार्ग, तोही पुऱ्या ३६० अंशांतला. दूरच्या खुणेच्या दिशेला तो मार्कासांव म्हणतो. म्हणजे एकच शब्द जमिनीवर एक सांगतो आणि पाण्यावर दुसरे. आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. पोर्तुगालमध्ये कोन मोजताना काटकोनाचे नव्वदऐवजी शंभर भाग करण्याचीही रीत आहे, त्यांना ग्रादो म्हणतात आणि पुरे वर्तुळ ४०० चे होते. नकाशावर एखादा कोन ३६० च्या वर दिसला तर तो चुकीचा म्हणून फेकू नका, आधी माप कुठले ते विचारा.

हे शब्द पाठ करायला का सांगतो आहे? कारण त्यात पैसा गुंतला आहे. गोव्यात जमिनी बळकावण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०२२ मध्ये तिथल्या सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले आणि निवृत्त न्यायाधीशांचा आयोगही. पोर्तुगीजकालीन कागदांत खाडाखोड आणि बनावट कागद घुसवणे, हा त्या प्रकरणांतला एक मोठा मार्ग होता. घरातल्या कोणालाच तो कागद वाचता येत नव्हता, याचा फायदा घेणाऱ्याला केवढा होतो ते पाहा. कागद परका असला तरी त्यावरची जमीन आपल्या घरातली असते.

तर मग करायचे काय?

पहिली गोष्ट, मोजणीची तारीख लागण्याआधी टिपण, गुणाकार बुक, फाळणी नकाशा यांच्या नकला काढून ठेवा. फक्त सातबारा आणि गट नकाशा घेऊन बांधावर उभे राहू नका. सातबारा क्षेत्र सांगतो, जागा सांगत नाही.

दुसरी गोष्ट, शेजाऱ्यांसह एक दिवस शिवार फिरा आणि वाद नसलेल्या दोन जुन्या खुणा नक्की करा. तिवड्याचा दगड, म्हणजे तीन शेतांच्या सीमा मिळतात तिथला, सर्वांत उत्तम, कारण त्याला तीन साक्षीदार असतात. जुनी दगडी विहीर, देऊळ, पुलाची मोरी, जी नकाशावरही आहे, तीही चालेल. खुणा जितक्या लांब तितके बरे. जेसीबी यायच्या आधी त्यांचे फोटो काढा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे सीमेच्या खुणा सांभाळण्याची जबाबदारी खातेदारावर आहे, हे विसरू नका.

तिसरी गोष्ट, मोजणीच्या दिवशी भूकरमापकाला आदराने पण स्पष्ट विचारा, “साहेब, जुना नकाशा कुठल्या दोन खुणांवर जुळवलात?” उत्तर आले तर ते आपल्या जबाबात लिहून घ्या. एकच खूण सांगितली तर दुसरी दाखवा. हरकत असेल तर त्याच दिवशी लेखी द्या. मोजणी मान्यच नसेल तर निमताना मोजणीचा मार्ग आहे. त्या वेळीही “यंत्र खोटे आहे” असे मोघम लिहू नका. अमकी खूण धरली नाही, असे लिहा.

चौथी गोष्ट, क प्रत हाती आली की पाचवी-सहावीतल्या पोराला बसवून एक ताळा करून पाहा. चौकोनी शेताच्या आतल्या चारही कोनांची बेरीज ३६० अंश व्हायला हवी, पाच कोपऱ्यांची ५४०, सहांची ७२०. प्रत्येक जादा कोपऱ्याला १८० वाढतात. बेरीज जुळली म्हणून शेत जागेवर आहे असे होत नाही. पण बेरीज जुळली नाही तर कुठेतरी चूक आहे, हे नक्की.

पाचवी गोष्ट गोव्याच्या कागदांची. भाषांतर करून घेताना नुसते वाक्यांचे नको. दिशेची अक्षरे, कोन रुमो की अझिमुते, वर्तुळ ३६० चे की ४०० चे, आणि बाण कुठल्या उत्तरेचा, या चार गोष्टी भाषांतरकाराकडून वेगळ्या लिहून घ्या.

सरकारकडेही मागणे आहेच. नव्या नकाशांवर आकडे भरपूर येत आहेत, ही चांगली गोष्ट. त्यांच्यासोबत दोन ओळी साध्या मराठीत ठळक छापाव्यात. ही उत्तर कुठली, आणि हा नकाशा जागेवरच्या कुठल्या दोन खुणांशी जुळवला. प्रत्येक गावाच्या शिवारात निदान दोन पक्के दगड बसवून त्यांचे ठिकाण ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. रस्ता रुंद करणाऱ्या ठेकेदाराने दगड उखडला तर तो पुन्हा मोजून बसवण्याचा खर्च त्याच्याच माथी मारावा. याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. कोर्टात तारखांमागून तारखा पडतात, त्या मानाने तर काहीच नाही.

यंत्र आपले काम चोख करते. ज्या खुणेवरून त्याला सांगाल, तिथून ते मोजते. ती खूण खरी ठेवणे हे यंत्राचे काम नाही, तुमचे-आमचे आहे. येत्या मोजणीच्या हंगामात एवढे तरी करा. भावाशी नाहीतर शेजाऱ्याशी भांडण्याआधी त्याला घेऊन दुसरा दगड शोधायला जा.